विमान प्रवाशांची वर्गणीवर चालणारी पहारा संघटना: आधी काय, नंतर काय

विमान सात तास उशिरा सुटते. प्रतीक्षाकक्षात अडकलेली दीडशे माणसे एकमेकांचे नंबर घेतात आणि रात्रीतून व्हॉट्सॲप गट तयार होतो. पहिल्या आठवड्यात तक्रारींचा पूर येतो. दुसऱ्या आठवड्यात कुणीतरी ‘आपण संघटना काढू’ म्हणते, तिसऱ्यात कुणाच्या तरी वैयक्तिक खात्यावर पैसे जमू लागतात. चौथ्या महिन्यात गट थंड पडतो आणि जमलेल्या पैशांवरून दोन भल्या माणसांत कायमचे वितुष्ट येते.

यात माणसे चांगली असतात, रागही रास्त असतो. बिघडतो तो क्रम. आधी करायचे काम नंतर केले जाते आणि सगळ्यात शेवटी करायची गोष्ट, म्हणजे जाहीर आवाज उठवणे, पहिल्याच दिवशी होते. म्हणून हा लेख क्रमाचा आहे. एक टप्पा पुरा झाल्याशिवाय पुढच्याला हात घालू नका.

टप्पा १: वर्गणी कशाची, हे एका वाक्यात लिहा

सर्वांत मोठी चूक इथेच होते, त्यामुळे या टप्प्याला घाई नको. वर्गणी घेऊन तुम्ही सभासदाला नेमके काय देणार? बहुतेक गट नकळत उत्तर देतात: ‘तुमची तक्रार आम्ही सोडवून देऊ.’ ऐकायला हे फार चांगले वाटते आणि याच्यावर सभासदही पटापट मिळतात. पण मग तुमची संघटना पहारा राहत नाही, दावे वसूल करून देणारे कार्यालय होते. ज्याचे विमान रद्द झाले तो वर्गणी भरतो, परतावा मिळाला की निघून जातो. ज्याला परतावा मिळाला नाही तो ‘पैसे घेऊन काम केले नाही’ म्हणून तुमच्यावरच रागावतो. दोन्हीकडून सभासद गळतो. शिवाय एकेक प्रकरण हाताळण्यात कार्यकर्त्यांची सगळी शक्ती जाते आणि तीच चूक पुढच्या महिन्यात पुढच्या प्रवाशाच्या वाट्याला येतच राहते.

पहारा संघटनेची वर्गणी वेगळ्या कामासाठी असते: तक्रारी नीट नोंदवणे, त्यांतून चुकीचा साचा शोधणे, तो पुराव्यानिशी कंपनीसमोर आणि नियामकासमोर मांडणे, आणि नियम बदलेपर्यंत पाठपुरावा करणे. वैयक्तिक तक्रारीत संघटना मार्ग दाखवेल, नमुना अर्ज देईल, मुदतीची आठवण करून देईल. भांडण मात्र सभासद स्वतः लढेल.

हे वाक्य प्रवेश अर्जाच्या सर्वांत वर, ठळक अक्षरांत असू द्या: ‘ही वर्गणी माझ्या वैयक्तिक दाव्याच्या निकालासाठी नाही, हे मला समजले आहे.’ काही जण हे वाचून परत जातील. जाऊ द्या. राहतील ते टिकतील.

किती काळ लागू शकतो, याचीही कल्पना द्या. २००६ च्या डिसेंबरात अमेरिकेतील ऑस्टिन विमानतळावर प्रवाशांना नऊ तासांच्या आसपास विमानातच बसवून ठेवले गेले. त्यांतल्या केट हॅनी यांनी मोहीम उभी केली. देशांतर्गत उड्डाणात प्रवाशांना उतरण्याची संधी न देता तीन तासांपेक्षा जास्त वेळ विमानात अडकवू नये, हा नियम तिथे लागू झाला २०१० च्या एप्रिलमध्ये. म्हणजे तीन वर्षांहून अधिक काळ, आणि तोही मागणी अगदी नेमकी असताना.

*तपासा:* संस्थापकांपैकी प्रत्येकाला वेगवेगळे बसवून ‘वर्गणी कशाची?’ विचारा. उत्तरे जुळत नसतील तर पुढे जाऊ नका.

टप्पा २: विषय दोनच निवडा आणि त्यांचे नियम मुळातून वाचा

उशीर, रद्द उड्डाणे, परतावा, सामान, जादा तिकीटविक्रीमुळे जागा नाकारणे, चाकाच्या खुर्चीची मदत, लपवलेली शुल्के: यादी लांब आहे. पहिल्या वर्षी यांतले दोनच घ्या. माझे मत विचाराल तर परतावा आणि सामान, कारण दोन्हींत तारखा आणि कागद हाती असतात. उशिराचे कारण सिद्ध करणे नव्या गटाला जड जाते.

नियम तीन थरांचे असतात: आंतरराष्ट्रीय करार, देशाच्या नियामकाचे नियम, आणि कंपनीच्या वाहतुकीच्या अटी, ज्या तिकीट काढताना आपण न वाचता मान्य करतो. तिन्ही वाचा, याच क्रमाने. बातम्यांमधून नियम शिकू नका.

आंतरराष्ट्रीय प्रवासासाठी १९९९ चा माँट्रियल करार पायाभूत आहे. तो २००३ पासून अमलात आहे. त्यातल्या मुदती पाठच हव्यात. नोंदवलेले सामान खराब झाले तर ते मिळाल्यापासून सात दिवसांत लेखी तक्रार. सामान उशिरा आले तर ते हाती आल्यापासून २१ दिवसांत. यायला हवे होते त्या दिवसापासून २१ दिवसांतही आले नाही तर प्रवासी ते हरवल्याचे धरून हक्क सांगू शकतो. न्यायालयात जायचे तर दोन वर्षांच्या आत. भरपाईच्या कमाल मर्यादा एसडीआर या आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या हिशेबी एककात असतात आणि ठरावीक काळाने बदलतात. २८ डिसेंबर २०२४ पासून सामानासाठी प्रतिप्रवासी १,५१९ एसडीआर आणि उशिरामुळे झालेल्या नुकसानीसाठी ६,३०३ एसडीआर अशी मर्यादा आहे. ही कमाल मर्यादा आहे, हमखास मिळणारी रक्कम नव्हे. नुकसान दाखवावे लागते. ‘बॅग हरवली की एवढे मिळतात’ असे सभासदांना सांगणारे गट इथेच तोंडघशी पडतात.

नियमाचा मजकूर वाचून भागत नाही, त्यावरचे निकालही वाचावे लागतात. युरोपीय संघाचा २००४ चा २६१ क्रमांकाचा नियम घ्या. अंतरानुसार २५०, ४०० किंवा ६०० युरोंची ठरलेली भरपाई त्यात आहे. पण मूळ मजकुरात ती जागा नाकारल्यास आणि उड्डाण रद्द झाल्यास होती. तीन तास किंवा त्याहून उशिरा पोहोचलेल्या प्रवाशाला ती २००९ च्या न्यायालयीन निकालाने मिळाली. नुसता मजकूर वाचणाऱ्याने प्रवाशाला ‘तुम्हाला काही मिळणार नाही’ असे सांगितले असते, तेही पूर्ण प्रामाणिकपणे.

*सावधान:* एका देशाचा नियम दुसऱ्या देशातल्या प्रवासाला लावून सांगणे ही नव्या गटांची नित्याची चूक आहे. प्रत्येक नियमाच्या नोंदीपुढे ‘कोणत्या प्रवासाला लागू’ असा रकाना ठेवा.

टप्पा ३: पहिली सात माणसे

सात ते नऊ जण पुरेत. त्यांत हिशेब ठेवता येणारा एक, कायद्याची भाषा वाचणारा एक, नोंदवह्या आणि तक्ते नीट ठेवणारा एक, आणि मदतीशिवाय विमानात चढता न येणारा किमान एक प्रवासी हवा. शेवटच्याला सहसा ‘सल्लागार’ करून बाजूला बसवतात. त्याला कार्यकारिणीत घ्या, मत द्या.

प्रत्येकाकडून हितसंबंधांचे लेखी निवेदन घ्या: विमान कंपनी, विमानतळ, तिकीट विकणारे संकेतस्थळ, प्रवास संस्था किंवा टक्केवारीवर दावे लढवणारी संस्था यांच्याशी स्वतःचा किंवा घरच्यांचा नोकरीचा, कंत्राटाचा, भागभांडवलाचा संबंध आहे का? संबंध असणे गुन्हा नाही, तो लपवणे घातक. माजी वैमानिक किंवा विमानतळावरचे निवृत्त कर्मचारी फार मोलाची माहिती देतात. त्यांची मदत जरूर घ्या, खजिना आणि प्रवक्तेपद मात्र त्यांच्याकडे देऊ नका.

टप्पा ४: घटना, पैसे यायच्या आधी

तुमच्या देशात ना-नफा संस्था, सोसायटी किंवा न्यास, जे रूप सोपे आणि सभासदांना मतदानाचा हक्क देणारे असेल ते घ्या. न्यासात बहुधा विश्वस्त ठरवतात आणि सभासद नुसते देणगीदार उरतात. वर्गणीवर चालणाऱ्या संघटनेला हे परवडत नाही. आणखी एक गोष्ट नोंदणीपूर्वी पाहा: ग्राहकांच्या वतीने दावा दाखल करण्याचा हक्क संस्थेला मिळतो का, आणि त्यासाठी कोणत्या प्रकारची नोंदणी लागते. भारताच्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात नोंदणीकृत स्वयंसेवी ग्राहक संघटनेला तक्रार दाखल करता येते. युरोपीय संघात २०२० च्या निर्देशानुसार पात्र ठरवलेल्या संस्थाच प्रातिनिधिक दावा आणू शकतात. नोंदणी चुकीच्या प्रकारात झाली तर हा दरवाजा बंद राहतो आणि पुढे सगळे पुन्हा करावे लागते.

घटनेचा सांगाडा कुठल्याही जुन्या संस्थेचा उचलता येतो. पण ही कलमे तुमची तुम्हीच लिहा:

- वर्ज्य पैसा. विमान कंपन्या, विमानतळ चालक, तिकीट संकेतस्थळे, दावे लढवणाऱ्या संस्था यांच्याकडून देणगी, जाहिरात, प्रायोजकत्व काहीही नाही. फुकट तिकीट, वरच्या वर्गातली जागा, विश्रांतीकक्षाचा पासही याच कलमात नावानिशी घाला. पैसे नाकारणे सोपे असते. ताटकळून थकलेल्या अध्यक्षाला हसतमुखाने दिलेली पुढची जागा नाकारणे अवघड असते, म्हणून ते नियमात हवे.
- एका हाताची मर्यादा. कुणाही एकाकडून वार्षिक उत्पन्नाच्या पाच टक्क्यांहून जास्त रक्कम नाही.
- एक सभासद, एक मत. जास्त वर्गणीला जास्त मते नाहीत.
- मुदत. अध्यक्ष आणि खजिनदार सलग दोनपेक्षा जास्त वेळा नाहीत.
- बोलणार कोण. संघटनेच्या नावाने निवेदन देण्याचा हक्क दोघांनाच, तोही लेखी मजकुरावर.
- विसर्जन. संघटना बंद झाली तर शिल्लक कुठे जाईल आणि प्रवाशांची वैयक्तिक माहिती कशी नष्ट होईल.

*सावधान:* वर्ज्य पैशाचे कलम पहिला देकार येण्याआधी लिहिलेले असले पाहिजे. देकार समोर असताना लिहायला बसलात तर वाद तत्त्वावर होणार नाही, त्या रकमेवर होईल.

टप्पा ५: वर्गणीचे गणित

आकडा आधी ठरवून मग खर्च बसवू नका. खर्चाची यादी करा: नोंदणी, लेखापरीक्षण, माहिती साठवण्याची सुरक्षित व्यवस्था, कायदेशीर सल्ला, टपाल, आणि एक अर्धवेळ माणूस. शेवटचा खर्च सगळे टाळतात. पण तक्रारींची नोंद केवळ हौसेवर सहा महिन्यांपलीकडे टिकत नाही.

समजा वर्षाचा खर्च ९०० एकक आहे. सहा महिन्यांची गंगाजळी, म्हणजे ४५० एकक, दोन वर्षांत साठवायची तर दरवर्षी २२५. एकूण गरज १,१२५. ‘मी भरतो’ म्हणणारे ५०० असतील तर गणितात २५० धरा. वर्गणी साडेचार एकक आली. एवढी वर्गणी लोक देणार नाहीत असे वाटत असेल तर खर्च कमी करा, सभासदांचा अंदाज फुगवू नका.

आजीव सभासदत्व ठेवू नका. आपल्या कितीतरी चांगल्या संस्था याच मोहात अडकल्या: एकदाच मोठी रक्कम येते, दोन वर्षांत संपते, आणि मतदार यादीत आयुष्यभराची नावे राहतात ज्यांच्याकडून पुढे काहीच येत नाही. दरवर्षी वर्गणी मागायला जावे लागणे हीच तुमच्या कामाची परीक्षा आहे. नूतनीकरणाची तारीखही सर्वांना एकच ठेवा. प्रत्येकाची वेगळी तारीख सांभाळण्यात खजिनदाराचे वर्ष जाते.

बँक खाते संस्थेच्याच नावाने, दोन सह्यांचे. ते उघडेपर्यंत एक पैसाही घेऊ नका. फार तर इच्छुकांची नावे लिहून ठेवा. प्रत्येक रकमेला क्रमांकित पावती, दर तिमाहीला सर्व सभासदांना जमाखर्च.

*तपासा:* खजिनदार आजारी पडला तर दुसरा कुणी आजच्या तारखेची शिल्लक तासाभरात सांगू शकतो का?

टप्पा ६: तक्रारवही

संघटनेचे खरे भांडवल ही वही आहे. ती आवाज उठवण्याआधी किमान तीन महिने, गाजावाजा न करता, चालवून पाहा.

प्रत्येक नोंदीत: उड्डाण क्रमांक, तारीख, कुठून कुठे, ठरलेली वेळ, प्रत्यक्ष वेळ, प्रवाशाला केव्हा आणि कशाने कळवले, तेव्हा कोणते कारण सांगितले, काय देऊ केले, प्रवाशाने काय मागितले, कंपनीचे उत्तर कोणत्या तारखेला आले. मोकळ्या जागेत ‘तुमचा अनुभव लिहा’ एवढाच रकाना दिलात तर तीन पानी संताप येईल आणि उड्डाण क्रमांक नसेल.

‘तेव्हा सांगितलेले कारण’ हा रकाना कधीही गाळू नका. विमानतळावर ‘तांत्रिक बिघाड’ सांगितले जाते आणि महिन्याने आलेल्या पत्रात ‘खराब हवामान’ लिहिलेले असते. युरोपीय नियमात हा फरक निर्णायक आहे. कंपनीच्या आवाक्याबाहेरच्या असाधारण परिस्थितीत भरपाई टळते, पण नेहमीच्या कामकाजात उद्भवणारा तांत्रिक बिघाड साधारणपणे तशी परिस्थिती ठरत नाही, असे तिथल्या न्यायालयाने २००८ मध्ये म्हटले आहे. म्हणून कारण ऐकले त्याच क्षणी, सांगणाऱ्याच्या पदासह लिहून ठेवायला सभासदांना शिकवा.

वेळेचेही तसेच. चाके धावपट्टीला टेकली तो क्षण, विमान जागेवर उभे राहिले तो आणि दार उघडले तो, हे तीन वेगळे क्षण आहेत. युरोपीय न्यायालयाने २०१४ मध्ये विमानाचे किमान एक दार उघडून प्रवाशांना उतरता येते तो क्षण पोहोचण्याची वेळ मानला. विमानांचा माग दाखवणाऱ्या संकेतस्थळांवर बहुधा आधीचा क्षण दिसतो. तुमच्या वहीत कोणता क्षण धरता हे एकदा ठरवा आणि बदलू नका.

पुरावे: बोर्डिंग पास, सामानाची चिठ्ठी, विमानतळावरच नोंदवलेल्या सामान-तक्रारीची प्रत, संदेशांची छायाचित्रे, खर्चाच्या पावत्या. विमानतळावरची ती नोंद म्हणजेच लेखी तक्रार झाली, असे समजून पुष्कळ प्रवासी गप्प बसतात आणि सात दिवस उलटतात. कंपनीला स्वतंत्र लेखी तक्रार पाठवायला सांगा आणि तिची पोच वहीत लावा.

*सावधान:* बोर्डिंग पासचे छायाचित्र कधीही जसेच्या तसे प्रसिद्ध करू नका. आडनाव आणि पीएनआर एवढ्यावर अनेक कंपन्यांच्या संकेतस्थळावर पूर्ण आरक्षण उघडते, आणि छापील नाव झाकले तरी बारकोडमध्ये ते असतेच. बारकोडही झाका. पासपोर्टची प्रत तर मागूच नका.

*तपासा:* दर आठवड्याला दहा नोंदी दुसऱ्या माणसाने मूळ कागदांशी ताडून पाहाव्यात. दोनपेक्षा जास्त चुका निघाल्या तर त्या आठवड्याची सगळी वही पुन्हा तपासा.

टप्पा ७: पहिला अहवाल

तुमच्याकडे तक्रार करायला रागावलेलाच प्रवासी येतो. त्यामुळे ‘साठ टक्के प्रवाशांना परतावा वेळेत मिळत नाही’ असे तुम्हाला कधीच म्हणता येणार नाही. ‘आमच्याकडे आलेल्या १२० परतावा-तक्रारींपैकी ७२ प्रकरणांत मुदत उलटली होती’ हे म्हणता येते, आणि पुराव्यासह हे वाक्य जास्त टोचते. दोन कंपन्यांची तुलना करायचीच असेल तर प्रवासीसंख्येच्या प्रमाणात करा. मोठ्या कंपनीच्या तक्रारी जास्त येणारच. काही नियामक दर महिन्याला आकडेवारी प्रसिद्ध करतात: भारतात नागरी विमान वाहतूक महासंचालनालय (डीजीसीए) दर १०,००० प्रवाशांमागील तक्रारी देते, अमेरिकेच्या परिवहन विभागाचा मासिक अहवालही असतो. तुमचे आकडे त्यांच्या शेजारी ठेवून पाहा.

वेळ पाळण्याच्या टक्केवारीवर मात्र डोळे झाकून विसंबू नका. अमेरिकेत वेळापत्रकापेक्षा १५ मिनिटांपेक्षा कमी उशीर ‘वेळेवर’ धरतात. कंपनीने वेळापत्रकातच प्रवासाचा वेळ वाढवून लिहिला तर विमान वेगाने न जाताही टक्केवारी सुधारते. त्याच मार्गाचा पाच वर्षांपूर्वीचा छापील वेळ काढून शेजारी ठेवला की हे दिसते. हे काम कुणीही सभासद घरी बसून करू शकतो आणि फार थोडे गट करतात.

प्रसिद्धीपूर्वी निष्कर्ष संबंधित कंपनीला पाठवा आणि उत्तरासाठी दहा कामाचे दिवस द्या. आलेले उत्तर अहवालात पूर्ण छापा, न आल्यास तसे लिहा. तुमची चूक निघाली तर ती दुरुस्त करून, काय दुरुस्त केले तेही नोंदवा. बदनामीच्या दाव्यापासून तुम्हाला वाचवणारी पहिली गोष्ट हीच आहे. ‘लुटारू’, ‘फसवणूक’ असे शब्द अहवालात नकोत. तारीख, रक्कम, नियम क्रमांक पुरे.

टप्पा ८: नियामकाकडे

एका निवेदनात एकच मागणी. सात मागण्यांचे निवेदन वाचणारा अधिकारी सर्वांत सोपी निवडतो आणि ‘कार्यवाही केली’ असे कळवतो. मागणी अशी लिहा की ती जशीच्या तशी नियमात बसेल: कोणत्या कलमात, कोणत्या शब्दांऐवजी कोणते शब्द. मसुदा नियमांवर हरकती मागवल्या जातात तेव्हाच्या तारखा पाळण्यासाठी एका सभासदाला फक्त तेच काम द्या. या मुदती लहान असतात आणि कंपन्यांची कार्यालये त्या कधीही चुकवत नाहीत. माहितीचा कायदा जिथे आहे तिथे दंड, तपासण्या आणि निकाली काढलेल्या तक्रारी यांची माहिती लेखी मागवा.

बैठकीला दोघे जा. एक बोलेल, दुसरा टिपेल. त्याच संध्याकाळी ‘आपल्यात असे ठरले’ असे पत्र पाठवा.

टप्पा ९: दुसऱ्या वर्षाची वर्गणी

नूतनीकरणाच्या पत्रात तीन गोष्टी द्या: किती तक्रारी नोंदल्या, त्यांतून कोणता साचा सापडला, आणि पैसे कुठे गेले. नियम बदलला नसेल तर ‘बदलला नाही, अर्ज अमुक तारखेपासून पडून आहे’ असे स्पष्ट लिहा. सर्वसाधारण सभेआधी बाहेरच्या लेखापरीक्षकाचा अहवाल सभासदांच्या हाती किमान पंधरा दिवस असू द्या.

निम्म्याहून कमी सभासदांनी पुन्हा वर्गणी भरली तर तिसरा विषय घेऊ नका. न भरलेल्यांपैकी वीस जणांना फोन करा आणि का थांबलात ते विचारा. ‘माझे काम झाले नाही’ हे उत्तर वारंवार आले तर टप्पा १ मधले वाक्य अर्जावर कुठे छापले आहे ते पाहा. बहुधा ते मागच्या पानावर गेलेले असते.